सीतेचे दोरे

शिळफाटा, खोपोली
ता. ११ नोव्हेंबर १९४६

सदूस आक्काचा आशीर्वाद.

कार्डावर मावणार नाय म्हणून पाकीट घेतलंय. आमच्या ह्यांच्या पंक्चरच्या दुकानात पुण्याकडचा एक मोटारवाला घाट चढायच्या आधी गाडीत पाणी भरायला थांबला होता, तो दिवाळी अंक विसरून गेला. ह्यांनी तो घरी आणला. मी मेथी निवडता निवडता चाळत होते तर आत तुझं नाव. सहदेव धोंडी बाहुलीवाले, प्राथमिक शिक्षक, कर्जत. वर मोठ्या अक्षरात, बाहुल्यांच्या घरातले माझे बालपण. खोटं कशाला सांगू, आधी बरं वाटलं. शेजारच्या मंगळीला हाक मारून दाखवलं की हा माझा पाठचा भाऊ. मग वाचलं. वाचून झाल्यावर मेथी तशीच टाकून उठले आणि पोराला कारण नसताना एक धपाटा घातला.

सदू, तू नक्की कुणाच्या घरात वाढलास रं? तू लिवतोस, बाहुल्या आम्हा भावंडांसारख्याच होत्या. खरं हाय. बाहुल्यांना चुलीवरचा कोरडा माळा होता, आणि आपण भावंडं गळक्या पडवीत निजायचो. तू लिवतोस, घरात सदा गाणं आणि हसणं. कुणाचं हसणं? बा बाहुल्यांचा पेटारा उघडून बसला की आयला खोकला आला तर ती परसात जाऊन खोकायची. तुला पांगाऱ्याच्या लाकडाचा वास आठवतो, रंगाच्या वाट्या आठवतात, मारुतीची शेपटी आठवते. सगळं आठवतं, फकस्त आय आठवत नाय.

आणि तू लिवतोस, 'वडील एका हाताने रावण व दुसऱ्या हाताने सीता नाचवीत.' हे लिवताना तुझी बोटं कशी झडली नायत?

सीता आय नाचवायची. तुला ठाऊक हाय आणि मला ठाऊक हाय. बाईनं दोऱ्याला हात लावायचा नाय असा आपल्या घराण्याचा नेम, आणि काका गेल्यावर बाला दुसरे हात मिळेनात. म्हणून आयला उभं केलं. पडद्याच्या वरून हात दिसतात, म्हणून ती बाचा जुना काळा कोट घालायची. बांगड्या कोपराकडं सारून वर चिंध्या गुंडाळायची, वाजू नयेत म्हणून. मी शेजारी पोथी धरून बसायचे. काकानं मला अक्षरं शिकवली ती त्याच्याचसाठी, पोरीला शहाणी करायला नव्हे. आय गेल्यावर त्याच कोटात मला उभी केली. तेरा वर्षांची होते. लगीन होऊन इकडं येईपर्यंत तीन वर्षं मी सीता नाचवली. माझ्या बोटांच्या पेरांवर दोऱ्याचे वळ अजून दिसतात, येऊन बघ.

शेवटी लिवलंस की फेब्रुवारीत कर्जतला बाचा सत्कार हाय आणि तवा बा सीता नाचवून दाखवणार हाय. ते वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आपला दुसरा नेम तुला आठवतो का? बाहुली नाचवणारं माणूस गेलं, की घरातल्यानं तिचे दोरे कापायचे, बाहुली नदीत सोडायची, आणि पेटारा दसऱ्यापर्यंत उघडायचा नाय. काका गेला तवा बानं त्याचा मारुती उल्हास नदीत सोडला. तू त्या मारुतीसाठी काठावर लोळण घेतली होतीस. पेटारा आठ म्हयने बंद होता, आपण नाचणीच्या आंबिलीवर दिवस काढले, पण बानं नेम मोडला नाय.

आय गेली तवा सीतेचे दोरे कुणी कापले? कुणी नाय. कापले असते तर कोण नाचवत होतं ते गावाला कळलं असतं. चौदाव्या दिवशी पेटारा उघडला.

मी सासरी आल्यापासून सीता पेटाऱ्यातच पडून हाय. आता एकदा बानं तिला चार लोकांत हातात घेतलं, की ती त्याची झाली. मग आय नव्हतीच, आणि मीबी नव्हते. तसं मी होऊ द्यायची नाय. सत्काराच्या आधी सीता माझ्याकडं पाठव. आयच्या नावानं मी तिचे दोरे कापीन आणि पाताळगंगेत सोडीन. दुसरं मला त्या घरातलं काय नको. दहा वर्षं बाचं तोंड पायलं नाय, ते बघायचीबी हौस नाय.

तुझी आक्का,
इंदू


कर्जत
ता. १७ नोव्हेंबर १९४६

सौ. आक्कास सहदेवचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझे पत्र शाळेच्या पत्त्यावर आले आणि मी ते हेडमास्तरांच्या देखत फोडले. पहिली चार वाक्ये वाचून खिशात घातले. इतके कडू पत्र मला आजवर कोणी लिहिले नव्हते.

तू रागावली आहेस, पण जरा माझी बाजू ऐक. आपल्याला लहानपणी लोक कसे वागवीत ते तू विसरलीस काय? खेळ झाला की अंगणाच्या कडेला पाने मांडायची, तीही गावजेवण उरकल्यावर. शाळेत मुले मला 'ए बाहुल्या' म्हणत. आज त्याच लोकांनी वर्गणी न मागता मंडप घालायचे ठरवले आहे. ९ फेब्रुवारीस रविवारी सत्कार आहे. खुद्द मामलेदारसाहेब अध्यक्ष आहेत. बाला एका डोळ्याने दिसत नाही, दम लागतो, कोंडाण्याच्या आपल्या घराची चढण त्याला आता झेपत नाही म्हणून मी त्याला माझ्याकडे आणले आहे. पेटारा उशाशी घेऊन निजतो. त्याच्या आयुष्यात आलेला हा एकच मान. त्यात 'आमची आई कोट घालून उभी राहत असे' हे मी छापायचे? लोक काय म्हणतील, तूच सांग. म्हाताऱ्याने जन्मभर फसवले, म्हणतील.

आई मदत करी हे मला आठवते. पण मी सुटीत मामाकडून येणारा मुलगा. मी पुढे मृदंगावर बसे, लोकांकडे तोंड करून. पडद्यामागे कोणाच्या हातात काय होते हे मी कसे सांगणार? मी जे पाहिले तेच लिहिले. आणि आई तापाने गेली यात बाचा काय अपराध? ताप काय कोणाला सांगून येतो?

तू लेख रागाच्या भरात वाचलास. वरच्या गावच्या देवीच्या जत्रेतला प्रसंग पुन्हा वाच. मी नऊ वर्षांचा होतो. रावण सीतेला ओढू लागला आणि सीतेच्या बांगड्या किणकिणल्या. मी माझ्या कानांनी ऐकल्या. मंडपात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता झाली, आणि मग लोकांनी एकदम वाहवा केली. लाकडाच्या बाहुलीतून असा भास उत्पन्न करणारा दुसरा कलावंत मला दाखव. आजही तो आवाज आठवला की अंगावर काटा येतो. ज्या बापाने मला हे ऐकवले त्याचा सत्कार मी करणार.

नेमाचे म्हणशील तर आता दिवस बदलले आहेत. दोरे कापले म्हणून गेलेले माणूस सुटत नाही आणि न कापले म्हणून अडकत नाही. मुलांना मी शाळेत हेच शिकवतो. सीता पाठवता येणार नाही. राग सोड आणि मुलांना घेऊन सत्काराला ये. पुढच्या रांगेत तुझी खुर्ची ठेवतो.

तुझा,
सहदेव


शिळफाटा
ता. २ डिसेंबर १९४६

सदू,

पुढच्या रांगेतली खुर्ची तुलाच लखलाभ.

दिवस बदलले म्हणतोस. बाईनं दोऱ्याला हात लावू नये, हा नेम तुझ्या लेखात जसाच्या तसा हाय, त्याला धक्का नाय. फकस्त आयला सोडवायचा नेम तेवढा जुना झाला. बरी शिकवतोस पोरांना.

तू सांगितलंस म्हणून तो प्रसंग परत वाचला. मास्तर, एक इचारते. सीतेच्या हाताला बांगड्या कुठल्या? काकानं हिरव्या रंगानं चार रेघा काढल्यात लाकडावर. रंग वाजतो व्हय रं?

मी तुला हे कधीच सांगणार नव्हते. तू लहान होतास, मग शिकायला लागलास, मग मास्तर झालास, आणि प्रत्येक येळी मला वाटलं, कशाला त्याच्या जिवाला घोर. पण तू त्याची वाहवा छापलीस, आता ऐकायचं.

त्या चैत्रात तू मामाकडं होतास. आय बाळंत झाली. मुलगी झाली होती, दीड दिवस जगली. तुला कुणी कळवलं नाय, कळवायला कुणाला सवड नव्हती. चौथ्या दिवशी जत्रेचा खेळ, मामा तुला परस्पर तिथंच आणणार होता. आय नाय आली तर सीता कोण नाचवणार? आणि सीता नाय तर सीताहरण कसलं? बोलावणं मोडावं तर कारण सांगावं लागणार. चार दिवसांची सुवेरातली बाई, लेकरू गेल्याचं सुतक वर, आणि ती देवीच्या मंडपात पडद्यामागं उभी राहणार. गावाला कळलं असतं तर पेटाऱ्यासकट जाळलं असतं आपल्याला. म्हणून गाडीत पेंढा टाकून, वर घोंगडं घालून आयला नेलं. कोट मीच तिला चढवला. तिच्यानं हात वर होत नव्हते.

घरात होत्या तेवढ्या चिंध्या आयच्या खालीच लागल्या. बांगड्यांना गुंडाळायला एक उरली नाय. मी माझ्या परकराचा काठ फाडते म्हणाले, तर बा म्हणाला, येळ झाला, पोथी धर.

सीताहरण आलं. रावण ओढतो तवा सीतेचे हात थरथर कापवायचे असतात, ती आयची नेहमीची तऱ्हा. त्या दिवशी ती कापवत नव्हती. तिचेच हात कापत होते. बांगड्या वाजल्या. मी बाच्या तोंडाकडं बघितलं. बानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, 'वाच.' मी वाचलं. पुढं तू मृदंग वाजवत होतास, तो मला ऐकू येत होता, चांगला वाजवत होतास.

खेळ संपला तसा मामा तुला बैलगाडीत घालून घेऊन गेला. तू पडद्यामागं आलाच नायस. आलास असतास तर खाली जमिनीवर काय होतं ते तुला दिसलं असतं. मी ते मातीनं झाकलं, सकाळी पुजारी यायच्या आत. तीन दिवसांनी आय गेली. ताप होता, तेवढं तुझं बरोबर हाय.

तुझ्या अंगावर काटा येतो म्हणालास. येऊ दे.

हे पत्र बाच्या तोंडावर वाच आणि मी खोटं बोलते का ते त्याला इचार. मग सीता पाठव.

इंदू


कर्जत
ता. २८ जानेवारी १९४७

आक्का,

दोन महिने मी तुला उत्तर दिले नाही. तुझे पत्र आले त्या आठवड्यात मी दोन दिवस शाळेत गेलो नाही. शाळेत दर शनिवारी भजनाला मी मृदंग घेतो, तो आता गजाकडे दिला आहे. मामाचा गजा यंदा माझ्याकडेच शिकायला आहे.

बाला विचारायचा धीर होईना. मध्यंतरी आमंत्रणपत्रिका छापून आल्या. संक्रांतीला बा उन्हात बसला होता, तेव्हा मी शेजारी बसलो आणि पत्र वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मध्ये त्याने एकदाच थांबवले आणि 'पुन्हा वाच' म्हणाला. ती बांगड्या वाजल्याची जागा होती.

त्या दिवशी जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आपणहून बोलला. त्याचेच शब्द लिहितो, म्हणजे मी काही सावरून लिहिले असे तुला वाटणार नाही.

'इंदी खोटं बोलत नाय. पण मी तुमच्या आयला, सोनाला, वढून नेली नाय. तीच म्हणाली, मी उभी ऱ्हाते. ती नसती आली तर आपलं घर त्या सालीच बसलं असतं, आणि तू मास्तर झाला नसतास, ढोरं राखली असतीस. आणि सीता मागते ती कुणाच्या हक्कानं? सीता आता सोनाची ऱ्हायली नाय. इंदीनं ती तीन वर्सं नाचवली. शेवटी ज्यानं नाचवली, बाहुली त्याची. आणि जित्या माणसाच्या बाहुलीचे दोरे कापले, तर ते माणूस त्या घराला मेलं. हे तिला पोथीत नाय मिळायचं, पण तिला ठाऊक हाय. ने सीता, दे तिला. बघंल, रडंल आणि परत धाडंल. इंदी कापायची नाय. बोलायला तिखट हाय, पण माहेर तोडायची नाय ती.'

असे म्हणून त्याने स्वतः पेटारा उघडला, सीता आपल्या धोतरात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. आक्का, त्याचे हात कापत होते हे मी पाहिले. तुला ते सांगून काही होणार नाही हेही मला माहीत आहे.

शनिवारी गजा खोपोलीच्या गाडीने येईल, त्याच्याबरोबर सीता पाठवतो. दुकान त्याला ठाऊक आहे.

लेखाची दुरुस्ती संपादकांना पाठवावी म्हणून दोनदा कागद घेऊन बसलो. पण ते छापले तर सत्कार कशाचा करायचा? पत्रिका वाटून झाल्या आहेत. सत्कार होऊन जाऊ दे, मग मी लिहीन, शपथ घेतो. तोवर तू सीतेला पोटभर पाहा, आईच्या नावाने काय रडायचे ते रड, मीही इथे रडलो आहे. पण आठ तारखेच्या आत तिला परत पाठव. बाला नऊ तारखेला ती हातात हवी. मंडपात सगळे सीतेलाच बघायला येणार आहेत. माझ्यासाठी एवढे कर.

तुझा,
सदू


शिळफाटा
ता. ४ फेब्रुवारी १९४७

सदू, हे पत्र बाला हाय. मोठ्यानं वाच, तुला वर्गात सवय हाय. एक अक्षर गाळू नको.

बा,

सीता पोचली. गजा तिला मांडीवर घेऊन आला, गाडीत लोकांनी त्याला इचारून इचारून बेजार केलं म्हणे. मी तिला पाटावर निजवली आणि धोतर सोडलं. दहा वर्षांत उंदरानंबी तोंड लावलं नाय तिला, चांगली राखलीस. हाताच्या दोऱ्यांना आयनं मारलेल्या दुहेरी गाठी तशाच हायत. मी नाचवत होते तवा मला त्या गाठी सोडायचा धीर झाला नव्हता. माझी धाकटी आली आणि इचारलं, ही कुणाची गं? मी सांगितलं, तुझ्या आज्जीची. ती म्हणाली, मग आज्जी कुठाय? तिला मी सगळं सांगितलं, तिच्या समजुतीपरमाणं. तुझ्या घरात जे सांगायला मला तेरा वर्षं लागली ते माझ्या घरात तेवढ्यात सांगून झालं.

तू म्हणालास, तीच म्हणाली मी उभी ऱ्हाते. म्हणाली. मी तिथंच होते, तिच्या पायाला तेल चोळत. तू पहिल्यांदा इचारलंस, 'जमंल का?' ती भिंतीकडं तोंड करून पडून ऱ्हायली. दुसऱ्यांदा इचारलंस, तवा ती म्हणाली, 'आज नको वो.' तिसऱ्यांदा तू दारात उभा राहून इचारलंस, कोट हातात घेऊन. तवा ती म्हणाली, मी उभी ऱ्हाते. पहिली दोन उत्तरं तू सदूला सांगितली नायस. आता त्याला कळली.

दोन दिवस मी सीतेला हात लावला नाय. ह्यांनी इचारलं, रागानं करतेस का? मी म्हणाले, हां, रागानंच करते. राग नसता तर मी येवढीबी उरले नसते. ते म्हणाले, मग मी येतो संगती.

आज सकाळी नदीवर गेलो. एरवी या दिवसांत पाणी कमी, पण वीजघराचं पाणी येतं तिथं चांगली धार हाय. मी इळ्यानं सातीच्या साती दोरे कापले. डोक्याचे दोन, खांद्यांचे दोन, हातांचे दोन, आणि कमरेचा एक, जो धरून तू तिला वाकवायला शिकवलंस मला. मग सोडली. पांगाऱ्याचं लाकूड, बुडाली नाय. वळणापर्यंत दिसत होती, मग दिसेनाशी झाली.

तुला वाटलं मी कापणार नाय. तुझा नेम तू बरोबर सांगितलास, बा. सीता शेवटी माझ्या हातात होती, तवा दोरे कापले म्हणजे तुझ्या घराला इंदी मेली. मला कबूल हाय. आयच्या नावानं कापायला तू मला जागाच ठेवली नव्हतीस, म्हणून माझ्या नावानं कापले. नेम मी मोडला नाय. पुरा केला.

आता तुझ्या वाटणीचा नेम तू कर. घरातलं बाहुली नाचवणारं माणूस गेलं, तर दसऱ्यापर्यंत पेटारा उघडायचा नाय. सीता नसली तरी तुझ्याकडं रावण हाय, राम हाय, गणपती हाय, आणि सदू म्हणंल, बा, निदान गणपती तरी. त्याचं ऐकू नको. नऊ तारखेला मामलेदार येतील, हार घालतील, घालून घे. मग लोक म्हणतील, दाखवा काहीतरी. तवा त्यांना सांगावं लागंल की पेटारा बंद हाय, घरात माणूस गेलंय. कोण गेलं इचारतील. मुलगी म्हण. बाहुल्या मुलगी नाचवायची का, इचारतील. तिच्या आधी कोण, तेबी कुणीतरी इचारंल. मंडप भरलेला असंल, तवा काय उत्तर द्यायचं ते तू ठरव.

नायतर पेटारा उघड आणि नाच दाखव. तुला अडवायला मी येणार नाय. मेलेलं माणूस मांडवात येत नाय.

आयसाठी तू चौदाव्या दिवशी पेटारा उघडलास. आज माझा पहिला दिवस हाय. बघू, माझ्यासाठी किती दिवस बंद ठेवतोस.

इंदू